थांबलेली गाडी: लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांचे जगणे आणि आजार टिपू पाहणाऱ्या नवोदित छायाचित्रकारांसाठी

ट्रकचालकांची छायाचित्रे काढायची ठरले की नवखा छायाचित्रकार बहुधा धावत्या गाडीच्या मागे लागतो. घाटातले वळण, हौद्यावरची रंगीत नक्षी, बंपरला लटकलेली लिंबू-मिरची, समोरून अंगावर येणारे दिव्यांचे झोत अशी दृश्ये चार दिवसांत हाती लागतात आणि ती दिसायलाही बरी असतात. पण त्यांत गाडी असते, चालक नसतो. मी स्वतः पहिले सहा-सात महिने हेच केले आणि तो सगळा साठा पुढे बाजूला ठेवावा लागला. या धंद्यातला माणूस दिसतो तो गाडी थांबल्यावर, आणि त्याचे शरीर का झिजते याचा उलगडाही थांबलेल्या गाडीपाशीच होतो: बंदराबाहेरच्या रांगेत, गोदामाच्या दारात, हमालांची किंवा परतीच्या भाड्याची वाट पाहताना. जी झोप या थांबण्यात वाया जाते, तिचे ओझे पुढे रस्त्यावर वाहावे लागते. म्हणून या लेखातील पायऱ्या थांबलेल्या गाडीपासून सुरू होतात.

प्रश्न नेमका करा

‘ट्रकचालकांचे आरोग्य’ हा विषय छायाचित्राच्या चौकटीत मावत नाही. त्याऐवजी एकच साधा प्रश्न घ्यावा: हा माणूस चोवीस तासांत कुठे आणि किती झोपतो? किंवा: तो पाणी किती पितो आणि लघवीला कुठे थांबतो? असा प्रश्न हाती असला की कॅमेरा कुठे न्यायचा हे आपोआप ठरते.

कॅमेरा उचलण्यापूर्वी थोडे वाचन मात्र हवे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम १९६१ सालचा होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या जुन्या अधिनियमानुसार दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा होती, आणि लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने ती अनुक्रमे १० आणि ५४ तासांपर्यंत वाढवता येत असे. सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांतीही द्यावी लागे. मात्र तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक, किंबहुना स्वतःच मालक व स्वतःच चालक असलेली माणसे भरपूर आहेत. कायद्यातले तास आणि प्रत्यक्षातले तास यांच्यातली ही फट हाच तुमचा विषय होय.

दुसरे घड्याळ कागदात असते. मालासोबत बाळगाव्या लागणाऱ्या ई-वे बिलाची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. नुसत्या रस्त्याचा विचार केला तर ही मुदत सैल वाटते. पण एक दिवस रांगेत गेला, एक पंक्चर झाले किंवा घाटात वाहतूक अडली, की तीच मुदत गळ्याशी येते आणि चालक रात्र काढून ती भरून काढतो. त्या कागदाचे छायाचित्र घेतलेत तर पक्षकारांची नावे आणि क्रमांक झाकून घ्या. दाखवायची आहे ती फक्त वेळ.

अड्डा निवडा

महाराष्ट्रात यासाठी जागांची वाण नाही. उरण परिसरात न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर कंटेनरच्या गाड्या उभ्या असतात. कळंबोलीचा लोखंड बाजार, वाशीचा घाऊक बाजार, भिवंडीची गोदामे, नाशिकजवळचे आडगावचे ट्रक टर्मिनल, निगडीची ट्रान्सपोर्टनगरी, नागपूरजवळचे वाडी ही सगळी ठिकाणे गाडी थांबण्याची आहेत. मुंबई–आग्रा महामार्गावर कसारा घाट चढून आल्यावर घोटीच्या पुढे जे ढाबे लागतात, तिथे पहाटे बऱ्याच गाड्या विसावलेल्या दिसतात.

यांपैकी एकच अड्डा निवडावा आणि तो सोडू नये. दहा अड्ड्यांवर एकेक दिवस घालवण्यापेक्षा एका ढाब्यावर दहा रात्री काढलेल्या बऱ्या, कारण लांब पल्ल्याचे चालक ठरलेल्या मार्गांवर पुन्हा पुन्हा येत असतात. तिसऱ्या भेटीत तोच माणूस आठवड्याभराने अधिक थकलेला दिसला, तर ती दोन छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर जे कळते ते एका छायाचित्रात कधीही येत नाही.

बंदराच्या आत, रेल्वेच्या मालधक्क्यावर आणि टोलनाक्याच्या कार्यालयात लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये. पेट्रोल पंपावर इंधन भरण्याच्या जागी मोबाइलही बाहेर काढू नये, मग समोरचे दृश्य कितीही मोहक असो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असून जून २०२५ पासून तो पूर्ण लांबीने खुला झाला आहे. सरळसोट, एकसुरी रस्त्यावर डोळा कसा लागतो हे चालक सांगतील, परंतु तिथे कडेला गाडी उभी करून चित्रीकरण करण्याच्या फंदात कोणीही पडू नये. त्या रस्त्याची गोष्ट तो जिथे संपतो तिथल्या चहाच्या टपरीवर ऐकावी.

पहिल्या दोन फेऱ्या कॅमेऱ्याविना

पहिल्या दोन-तीन रात्री कॅमेरा घरी ठेवून जावे, आधी ढाब्याच्या मालकाला भेटावे, आपण कोण आणि काय करतो ते सरळ सांगावे आणि जेवण विकत घेऊन जेवावे. खाटेवर बसलेल्या चालकाशी बोलणे सुरू करताना ‘गाडी कुठून आली, कुठे चालली, माल काय भरलाय’ हे तीन प्रश्न पुरतात. हे प्रश्न तो रोज ऐकतो, त्यामुळे बिचकत नाही. ‘तुम्हाला काही आजार आहे का’ हा प्रश्न पहिल्या भेटीत कदापि विचारू नये.

सुरुवातीला तुम्हाला ‘साहेब’ म्हटले जाईल. परिवहन खात्याचा, पोलिसांचा किंवा विमा कंपनीचा माणूस असावा, असा तो संशय असतो. ज्या दिवशी ‘साहेब’ जाऊन ‘भाऊ’ किंवा ‘दादा’ येते, त्या दिवशी पिशवीतून कॅमेरा काढायला हरकत नाही. तुम्हीही वयाने मोठ्या चालकाला ‘मामा’ किंवा ‘काका’ म्हणावे. पंजाबी चालकाला ‘पाजी’ म्हटलेले आवडते. क्लीनरला मात्र ‘ए पोरा’ म्हणू नये. गावाकडे ज्याला ‘किन्नर’ म्हणतात तो हा मुलगा चालकाला ‘उस्ताद’ म्हणत असतो. टायर ठोकून पाहणे, ताडपत्री आवळणे, दोर बांधणे, घाटात चाकाखाली दगड लावणे ही कामे त्याच्याकडे असतात आणि उस्तादाच्या तब्येतीची खरी माहितीही बऱ्याचदा त्यालाच असते. हल्ली अनेक गाड्यांवर क्लीनर नसतोच, खर्च वाचवायला मालक एकट्या चालकाला पाठवतो. एकटा चालक रात्री कोणाशी बोलत जागा राहतो, याचे उत्तर डॅशबोर्डवर अडकवलेल्या मोबाइलमध्ये असते आणि तेही टिपण्याजोगे आहे.

संमती म्हणजे मान डोलावणे नव्हे

ढाब्यावर कॅमेरा पाहून ‘काढा की’ म्हणणारा चालक छायाचित्र काढू देतो, ते छापू देतोच असे नाही. या दोन गोष्टींची परवानगी वेगवेगळी घ्यावी. छायाचित्र कुठे लागेल, त्याखाली काय लिहिले जाईल, मालकाच्या नजरेस ते पडू शकेल का, हे त्याच्या भाषेत सांगावे आणि शक्य असल्यास मोबाइलवर त्याच्याच आवाजात नोंदवून घ्यावे. लेखी कागदापेक्षा हा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण कागदावर सही करायची म्हटले की चालकाला दंडाची पावती आठवते.

इथे माझी एक चूक सांगतो. एका चालकाचे गाडीखाली बांधलेल्या झोळीत झोपलेले छायाचित्र मी प्रसिद्ध केले. त्याचा चेहराही दिसत नव्हता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण कोपऱ्यात गाडीच्या क्रमांकाचे चार आकडे आणि फाळक्यावर (हौद्याच्या मागच्या फळीवर) रंगवलेले ट्रान्सपोर्टचे नाव होते. गाडी भरदिवसा उभी का होती, असे मालकाने विचारले आणि त्याला त्या मार्गावरून काढले. तेव्हापासून मी क्रमांक, फाळक्यावरचे नाव, बिल्टी (मालाची वाहतूक-पावती) आणि काचेवरचा फास्टॅग या चार गोष्टी प्रत्येक छायाचित्रात आधी शोधतो. नोंदणी क्रमांकावरून गाडीची माहिती काढणे आज कोणालाही मोबाइलवर जमते. प्रसिद्धीपूर्वी फाइलमधील ठिकाणाची नोंदही पुसून टाकावी.

पैसे द्यावेत का, हा प्रश्न हमखास पडतो. छायाचित्रासाठी पैसे देऊ नयेत, पण चालकाचा वेळ खर्ची पडला असेल तर जेवणाचे बिल आपण द्यावे, आणि दारूचे बिल देऊ नये.

साहित्य

या विभागावर फार वेळ घालवू नये, कारण एक साधा कॅमेरा, २८ किंवा ३५ मिलिमीटरची एफ/२ च्या आसपास उघडणारी एकच लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, लेन्स पुसायचे कापड आणि धुळीपासून बचावासाठी झाकणाची पिशवी एवढे पुरते. मोठी झूम लेन्स दुरून चोरून टिपण्याचा मोह निर्माण करते, म्हणून ती घरीच ठेवावी. अंगात परावर्तक पट्ट्यांचे जाकीट मात्र असावेच. रात्री ट्रकच्या डाव्या बाजूला आणि अगदी नाकासमोर उभा असलेला माणूस चालकाला दिसत नाही, आणि उभी गाडी केव्हा मागे घेतली जाईल याचा नेम नसतो. गाडीखाली शिरून छायाचित्र काढायचे असेल तर इंजिन बंद करून किल्ली चालकाच्या खिशात आहे याची स्वतः खात्री करावी.

ढाब्यावरच्या दिव्यांबद्दल एक तांत्रिक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला तर छायाचित्रावर काळे-पांढरे पट्टे उमटत नाहीत, १/२५० ला उमटू शकतात. आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत नेण्यास घाबरू नये. दाणेदार छायाचित्र चालते, हललेले चालत नाही.

केबिनमध्ये

केबिन हे चालकाचे घर असते. चढण्यापूर्वी चपला काढायच्या का, हे विचारावे. कित्येक गाड्यांत काढाव्या लागतात, कारण समोर देव असतात आणि मागची गादी हेच अंथरूण असते. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटे नुसते बसून वस्तू कुठे आहेत ते पाहावे. वरच्या पट्टीत खोचलेले परवान्याचे कागद, त्यांच्यातच घडी घालून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी, पाण्याचा कॅन, लहान शेगडी, मुलीचे पासपोर्ट आकाराचे छायाचित्र, अर्धवट गोळ्यांचे पाकीट या वस्तू कोणीही रचू नयेत, आणि तुम्ही तर अजिबात रचू नयेत. पाकीट उजेडात सरकवले की छायाचित्र खोटे झाले.

दिवसा केबिनमधून छायाचित्र घेताना समोरच्या काचेतून येणारा उजेड इतका प्रखर असतो की कॅमेरा फसतो आणि चेहरा काळा पडतो. मोजमाप चेहऱ्यावरून करावे किंवा एक ते दोन स्टॉप उजेड वाढवावा. बाहेरचा रस्ता पांढरा झाला तरी बिघडत नाही, रस्ता सगळ्यांनी पाहिलेला आहे. काचेवरचे प्रतिबिंब घालवण्यासाठी पोलरायझिंग फिल्टर लावावासा वाटेल. समोरच्या काचेला तो चालतो, पण बाजूच्या कडक केलेल्या काचेवर त्याने ठिपक्यांची विचित्र जाळी दिसू लागते, त्यामुळे बाजूने टिपताना काच खाली करून घ्यावी.

चालत्या गाडीत फ्लॅश कधीही वापरू नये. रात्री अंधाराला सरावलेल्या चालकाच्या डोळ्यांवर एक झोत पडला तर पुढचे काही क्षण त्याला रस्ता दिसत नाही, आणि भरलेली गाडी तेवढ्या वेळात बरेच अंतर कापते. ‘इकडे बघा’ असेही म्हणू नये. गाडी चालू असताना चालकाने तुमच्याकडे पाहिलेले छायाचित्र चांगले असले तरी ते निवडीतून काढून टाकावे.

गाडीतून प्रवास करण्याआधी दोन कागद पाहावेत. नोंदणी प्रमाणपत्रात केबिनची आसनक्षमता चालकासह लिहिलेली असते, तिच्यापेक्षा एकही माणूस जास्त बसू नये. विम्याची बाब अधिक गंभीर आहे: मालवाहू गाडीतून असाच सोबत निघालेल्या प्रवाशाला कायद्याने सक्तीच्या असलेल्या विम्याचे संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतून स्पष्ट झालेले आहे. अपघात झाला तर तुमच्या भरपाईचा बोजा चालक-मालकावर येऊ शकतो. म्हणून मालकाची लेखी परवानगी आणि स्वतःचा अपघात विमा असल्याखेरीज निघू नये. ज्वलनशील मालाच्या टँकरमध्ये बसूच नये. मागच्या फलकावर १२०३ हा आकडा असेल तर आत पेट्रोल, १०७५ असेल तर स्वयंपाकाच्या वायूसारखा द्रवरूप वायू असतो, हे ओळखता आले पाहिजे.

आजार कसा टिपावा

इथे नवखे छायाचित्रकार सर्वाधिक अडखळतात, कारण ट्रकचालकाचे बहुतेक आजार अपघातासारखे दिसत नाहीत. कंबरदुखी, मधुमेह, रक्तदाब, मुतखडा, मूळव्याध, अपुरी झोप, कमी दिसणारे डोळे यांतले काहीही आपण होऊन कॅमेऱ्यासमोर येत नाही. आजाराचा चेहरा शोधण्याऐवजी आजाराने लावलेली सवय शोधावी.

पाण्याचेच पाहा. घाटात किंवा शहराच्या हद्दीत जड गाडी हवी तिथे उभी करता येत नाही, म्हणून चालक पाणी कमी पितो. इंजिनाच्या उष्णतेने तापलेल्या केबिनमध्ये घाम मात्र भरपूर जातो, लघवी दाट होते आणि खडे होण्याची शक्यता वाढते. हे दाखवायला रुग्णालयात जावे लागत नाही. सकाळी भरलेली पाण्याची बाटली दुपारी, संध्याकाळी आणि रात्री त्याच जागी किती उतरली आहे याची चार छायाचित्रे घ्यावीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांहून जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे; पण रस्त्यावर धावणाऱ्या गाड्या त्याआधीच्या पुष्कळ आहेत आणि त्या अजून बरीच वर्षे धावतील. नवी आणि जुनी केबिन एकाच दुपारी, एकाच अड्ड्यावर टिपता आली तर तो फरक लिहून सांगावा लागत नाही.

घोटीच्या पुढच्या एका ढाब्यावर पन्नाशीतला एक चालक जेवायला बसला होता. ताट यायचे होते, म्हणून त्याने दोन्ही हात खाटेवरच्या फळीवर पालथे ठेवले होते. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत काळाकुट्ट, त्यावर सुरकुत्यांचे जाळे. डावा त्याच माणसाचा, पण दहा वर्षांनी तरुण वाटावा असा. मी विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘हा खिडकीचा हात, हा गिअरचा.’ आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, खिडकी उघडी असते आणि तीस वर्षे त्याच बाजूने ऊन येते. याच गोष्टीचे अमेरिकेतले उदाहरण २०१२ साली तिथल्या एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते: २८ वर्षे मालाची गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्याची डावी बाजू जाड आणि सुरकुतलेली झाली होती, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो आणि बाजूच्या काचेतून अतिनील किरणांचा एक प्रकार आरपार येतो. मी त्या फळीवरच्या दोन हातांचे एकच छायाचित्र घेतले, ताट येण्यापूर्वी. माझ्या पाहण्यात धंद्याने शरीरावर लिहिलेला याहून सरळ मजकूर नाही.

मधुमेह टिपणे अधिक नाजूक आहे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावे लागते, उघडल्यावरही ते उन्हात तापून चालत नाही. मग मे महिन्यात केबिनमध्ये ते ठेवायचे कुठे? एका चालकाने लहान थर्मासमध्ये ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले मी पाहिले. दर ढाब्यावर तो थंड पाणी बदलत असे. दुसऱ्याने, साखर एकदम उतरली तर गाडी चालवताना चक्कर येईल या भीतीने, लांबच्या खेपेवर सुई टोचणेच सोडून दिले होते. पहिल्याचे छायाचित्र मी काढले, दुसऱ्याचे काढले नाही. पहिल्याची युक्ती दुसऱ्या चालकाच्या उपयोगी पडेल. दुसऱ्याची गोष्ट मालकापर्यंत गेली तर त्याचे स्टेअरिंग जाईल. त्याला मी फक्त, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका, एवढे सांगितले, आणि तेही कॅमेरा पिशवीत ठेवून.

डोळ्यांची गोष्टही अशीच लपवली जाते. वाहतूक परवान्याचे नूतनीकरण आता ५ वर्षांनी होते आणि त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. पण चाळिशी लागल्यावर लागलेला चष्मा अनेक जण खिशात ठेवतात आणि मालकासमोर लावत नाहीत. चष्मा खिशातून निघून नाकावर येण्याचा क्षण बहुधा बिल्टी वाचताना येतो. त्या वेळी जवळ असावे.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली तरी मावा, खैनी आणि सुपारी रात्र जागवायला तोंडात असतेच. सततच्या सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा ताठर होते, आणि ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी शिरत नाहीत त्याने डॉक्टरांकडे जायला हवे. हे मी एका आरोग्य शिबिरात पाहिले: रांगेतले चालक हसत हसत एकमेकांना बोटे घालून दाखवत होते आणि एकाची दोनच शिरल्यावर हसणे थांबले. त्या माणसाचे उघडे तोंड टिपण्यापेक्षा बाजूच्यांचे चेहरे टिपावेत. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच माणसाला कर्करोग होण्याच्या निश्चित कारणांत घातले आहे. तो धूर रांगेत सुरू ठेवलेल्या इंजिनांभोवती, पहाटेच्या तिरप्या उजेडात, स्पष्ट दिसतो. सूर्य गाडीच्या मागे असावा आणि तुम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला.

झोपेसाठी पहाटे दोन ते पाच ही वेळ राखून ठेवावी. या तासांत शरीर झोप मागते आणि ढाब्यावर चालक तोंडावर पाणी मारून पुन्हा निघतात. कोण निघाला, किती वाजता आला होता, किती वेळ आडवा झाला, हे क्लीनरला विचारून वहीत लिहावे. त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून दर तासाला एक छायाचित्र घेतले की रात्रीचा तक्ता तयार होतो.

एचआयव्हीबद्दल वेगळे

गेल्या शतकाच्या अखेरीस एचआयव्हीविरोधी कार्यक्रमांत ट्रकचालक हा महत्त्वाचा गट मानला गेला आणि महामार्गांवर त्यांच्यासाठी दवाखाने व समुपदेशन सुरू झाले. त्या कामाचा उपयोग झाला. पण त्यासोबत ट्रकचालक म्हणजे रोग गावोगाव पोचवणारा माणूस अशी एक प्रतिमाही चिकटली, आणि त्या प्रतिमेचा राग चालकांच्या मनात अजून आहे. महामार्गावरच्या अंधाऱ्या वळणावर उभी स्त्री आणि शेजारी ट्रक, हे छायाचित्र काढू नये. त्यातून कोणाचीही प्रकृती कळत नाही, दोन माणसांची बदनामी तेवढी होते.

२०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्यानुसार, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, बाधित व्यक्तीची स्थिती तिच्या समजून-उमजून दिलेल्या लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. तपासणी केंद्राच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसाचे पाठमोरे छायाचित्रसुद्धा यात अडचणीचे ठरू शकते. चप्पल आणि शर्ट ओळखणारे गावात असतात. कोणी स्वतःहून विचारले तर १०९७ हा निःशुल्क क्रमांक द्यावा.

नोंदी, निवड आणि ओळी

रात्री परतल्यावर झोपण्यापूर्वी दोन ठिकाणी फाइल उतरवून घ्याव्यात आणि वहीतील नोंदी पूर्ण कराव्यात. प्रत्येक छायाचित्रासोबत तारीख, जागा, वेळ आणि ‘किती तासांपासून’ हे चौथे खाते असावे: किती तासांपासून रांगेत, किती तासांपासून उपाशी, किती तासांपासून जागा. छायाचित्राखालची ओळ याच खात्यातून येते. ‘थकलेला चालक’ असे लिहू नये. ‘कंटेनर उतरवण्याच्या रांगेत, चौदावा तास’ असे लिहावे. आजाराचे नाव डॉक्टरांनी सांगितलेले असेल आणि चालकाची मुभा असेल तरच लिहावे. आपल्या अंदाजाने कोणालाही रोगी ठरवू नये.

निवड करताना पहिल्या फेरीत सुंदर छायाचित्रे बाजूला काढावीत, आणि दुसऱ्या फेरीत त्यांतली निम्मी टाकून द्यावीत. मग एकेका चालकाची छायाचित्रे वेळेच्या क्रमाने मांडावीत आणि मध्ये जिथे वेळ हरवलेली दिसते, तिथे पुन्हा अड्ड्यावर जावे. माझ्या अनुभवाने ही फट बहुधा दुपारी दोन ते पाचची असते, कारण तेव्हा उजेड वाईट म्हणून आपण घरी असतो आणि चालक नेमका तेव्हाच गाडीखाली झोळीत असतो.

छायाचित्र परत द्यायचे कसे

मोबाइलवर छायाचित्र पाठवणे सोपे आहे, पण चालकांचे क्रमांक बदलतात आणि फोन हरवतात. त्यामुळे छापील प्रत द्यावी. ती ढाब्याच्या मालकाकडे पाकिटात नाव न लिहिता, गाडीचा मार्ग आणि अंदाजे वार लिहून ठेवावी. ‘इंदूरचा कांदेवाला, गुरुवार’ एवढ्यावर योग्य माणसापर्यंत पाकीट पोचते. प्रत लॅमिनेट केलेली असावी, कारण उन्हाळ्यात केबिनमध्ये साधा कागद वळतो आणि काचेला चिकटतो. आणि दोन प्रती द्याव्यात. हातांचे छायाचित्र मी त्या चालकाला दिले तेव्हा त्याने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, ‘चेहऱ्याचा नाही का काढला? घरी काय दाखवू?’ पुढच्या खेपेला मी त्याचा चेहरा काढला, गाडीसमोर उभा, केस विंचरलेले, शर्टाची वरची गुंडी लावलेली. प्रदर्शनात ते छायाचित्र लागले नाही, पण त्याने मागून घेतलेली दुसरी प्रत त्याचीच होती.